विश्लेषण : तेव्हा शोरूममध्ये पडून राहिल्या, आज कोट्यवधींना! अमेरिकी ‘मसल कार’ना एवढी किंमत का मिळते?

१० जानेवारी २०२०. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील किसिमी शहरात ‘मेकम’ या लिलाव कंपनीच्या मंचावर एक हिरवी फोर्ड मस्टँग आली. रंग विटलेला, पत्र्यावर गंजाच्या खुणा. शेजारच्या रांगेत आरशासारख्या चकचकीत गाड्या उभ्या असताना हिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नसते, असे वाटावे. काही मिनिटांतच बोली ३४ लाख डॉलरवर गेली आणि हातोडा पडला. लिलाव कंपनीचे शुल्क धरून खरेदीदाराला ती ३७ लाख ४० हजार डॉलरला पडली. त्या वेळच्या दराने साधारण साडेसव्वीस कोटी रुपये.

ही गाडी १९७४ मध्ये एका अमेरिकी कुटुंबाने मासिकातली जाहिरात पाहून ६ हजार डॉलरला घेतली होती. घरची रोजची गाडी म्हणून ती वापरली गेली. शिक्षिका असलेली गृहिणी त्यातून शाळेत जात असे. पुढे क्लच गेला आणि १९८०च्या सुमारास गाडी जी उभी राहिली, ती कित्येक वर्षे तशीच.

अशा लिलावांचे रील मोबाइलवर येतात तेव्हा खाली हमखास एक प्रतिक्रिया असते : ‘एवढ्या पैशांत तर दहा फेरारी आल्या असत्या.’ दहा येतील की नाही हे मॉडेलवर अवलंबून आहे, पण प्रश्न रास्त आहे. पन्नास वर्षांपूर्वी लाखोंच्या संख्येने बनलेल्या गाड्यांपैकी मोजक्याच गाड्या कोट्यवधींना का जातात? आणि त्याच जातीची, तशीच दिसणारी दुसरी गाडी त्याच्या दहाव्या हिश्शातही का मिळू शकते?

मसल कार म्हणजे नेमके काय?

व्याख्या सोपी आहे. मध्यम आकाराची, दोन दरवाजांची, मागच्या चाकांवर चालणारी साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे अवाढव्य व्ही-८ इंजिन बसवायचे. किंमत मात्र अशी ठेवायची की कारखान्यात काम करणारा पंचविशीतला तरुण हप्त्यावर ती घेऊ शकेल. वळणावर ती फारशी सांभाळत नसे, ब्रेकही बेताचेच. सिग्नल हिरवा झाल्यावर सरळ रस्त्यावर सर्वांच्या पुढे निघायचे, एवढेच तिचे काम.

सुरुवात बहुतेक जण १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा एक अंतर्गत नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. पॉन्टिॲकच्या अभियंत्यांनी त्यातून पळवाट काढली. जॉन डीलॉरियन हे त्यांचे प्रमुख होते. नियम गाडीच्या मूळ इंजिनाला लागू होता, ग्राहकाने जादा पैसे देऊन मागितलेल्या पर्यायाला नव्हे. म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचे, सुमारे ६.४ लिटरचे इंजिन ‘ऑप्शन पॅकेज’ म्हणून यादीत घातले. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२ हजार ४५० गेल्या. मग सगळ्याच कंपन्या या शर्यतीत उतरल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मस्टँग बाजारात आली. काटेकोर बोलायचे तर मस्टँग, कॅमारो, बॅराकुडा, चॅलेंजर या छोट्या गाड्यांना ‘पोनी कार’ म्हणतात आणि कॉर्व्हेट ही तर स्पोर्ट्स कार. जाणकार यावर तासन्‌तास भांडतात. लिलावाच्या मंडपात मात्र या सगळ्या एकाच रांगेत उभ्या असतात, त्यामुळे आपणही इथे त्या एकत्रच धरू.

विक्रम कुणाच्या नावावर?

सुरुवातीला सांगितलेली हिरवी मस्टँग ही १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटात अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मुख्य गाडी. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो सुमारे दहा मिनिटांचा पाठलाग आजही चित्रपटातल्या सर्वोत्तम पाठलागांत गणला जातो. चित्रीकरणासाठी दोन मस्टँग वापरल्या होत्या. स्टंटसाठी वापरलेली दुसरी गाडी २०१७ मध्ये मेक्सिकोत भंगारात सापडली.

पहिलीची गोष्ट अधिक रंजक आहे. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने मालकाला पत्र लिहून ती परत विकत मागितली होती. किंमत फार नसेल तर बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देण्याची तयारीही त्याने दाखवली. मालक बधला नाही. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने २०१८च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात गाडी जगासमोर आणली आणि दोन वर्षांनी लिलावाला काढली.

मस्टँगचा हा विक्रम जेमतेम सहा महिने टिकला. जुलै २०२० मध्ये, अमेरिका कोविडच्या तडाख्यात असताना, मेकमच्याच इंडियानापोलिस इथल्या लिलावात १९६५ची शेल्बी जीटी३५०आर ही शर्यतीची मस्टँग ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली. म्हणजे जवळपास २९ कोटी रुपये. जीटी३५०आर मालिकेचा हा पहिला नमुना. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ हा २०१९चा चित्रपट पाहिलेल्यांना केन माइल्स हे नाव आठवत असेल. त्या माइल्सने फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्सासमध्ये याच गाडीवर शेल्बी मस्टँगला पहिली शर्यत जिंकून दिली. त्या दिवशी चारही चाके जमिनीपासून सुटल्याचा तिचा फोटो निघाला आणि गाडीला ‘फ्लाइंग मस्टँग’ हे नाव चिकटले.

योगायोग असा की बरोबर हाच आकडा, ३८ लाख ५० हजार डॉलर, जानेवारी २०१४ मध्ये ॲरिझोनातील स्कॉट्सडेल इथल्या ‘बॅरेट-जॅक्सन’च्या लिलावात १९६७च्या लाल कॉर्व्हेट एल८८ला मिळाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये सिएटलमध्ये १९७१ची प्लिमथ हेमी ‘कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला विकली गेली. या ‘कुडाच्या मागे ना चित्रपट होता ना शर्यत. ती फक्त दुर्मीळ होती.

जगातील सर्वांत महाग गाड्यांच्या यादीत मात्र या कुठेच नाहीत. २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर कूपे १३ कोटी ५० लाख युरोला गेली. अमेरिकी गाड्यांमध्येही १९३५ची ड्युसेनबर्ग एसएसजे २०१८ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरला गेली आहे. मसल कारचे आकडे त्यामानाने लहान वाटतील. फरक असा की ड्युसेनबर्ग पहिल्या दिवसापासून श्रीमंतांची होती, ‘कुडा शेजारच्या गल्लीतल्या पोराची.

न खपलेला मालच आज सोन्याच्या भावात

या गाड्या दुर्मीळ का झाल्या, हे पाहिले की गंमत कळते. कंपनीने मुद्दाम ‘लिमिटेड एडिशन’ काढून त्या दुर्मीळ केल्या नव्हत्या. बहुतेकदा त्या कुणी घेतल्याच नाहीत.

१९७१ची हेमी ‘कुडा कन्व्हर्टिबल घ्या. ‘हेमी’ म्हणजे ज्याच्या सिलिंडरच्या माथ्यावरची ज्वलनाची पोकळी अर्धगोलाकार आहे असे इंजिन. घुमटासारख्या या आकारामुळे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायूचे व्हॉल्व्ह समोरासमोर, तिरपे आणि मोठे बसवता येतात. इंजिन मोकळा श्वास घेते. क्रायस्लरने ४२६ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे हेमी १९६४च्या डेटोना ५०० शर्यतीत उतरवले आणि पहिले तीनही क्रमांक हेमी इंजिनांच्या प्लिमथ गाड्यांनी पटकावले. रिचर्ड पेटी पहिला आला. सर्वसामान्यांना न विकले जाणारे इंजिन शर्यतीत चालणार नाही, असा वाद उभा राहिला आणि १९६६ पासून हेमी रस्त्यावरच्या गाड्यांत मिळू लागले. कागदोपत्री ताकद ४२५ अश्वशक्ती. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त, असे सगळेच मानतात.

पण त्यासाठी सुमारे नऊशे डॉलर जादा मोजावे लागत. साडेतीन-चार हजारांच्या गाडीवर नऊशे! शिवाय विमा कंपन्या तोवर शहाण्या झाल्या होत्या. पंचविशीच्या आतला चालक आणि बॉनेटखाली हेमी हे समीकरण दिसले की हप्ता असा काही लावत की गाडी परवडली तरी विमा परवडत नसे. कन्व्हर्टिबलची आवडही ओसरत चालली होती. परिणाम असा की १९७१ मध्ये हेमी इंजिन आणि उघडे छत अशी जोडी मागणारे सगळे मिळून अकराच ग्राहक निघाले. आदल्या वर्षी चौदा होते. त्यानंतर हेमीच बंद झाले.

शेव्हरोलेच्या कॅमारो झेडएल१ची कथा तर विक्रेत्याच्या अंगावर काटा आणणारी आहे. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या छोट्या गावात फ्रेड गिब नावाचा विक्रेता होता. ड्रॅग रेसिंगसाठी ४२७ घनइंचांचे, पूर्णपणे ॲल्युमिनियमचे इंजिन बसवलेल्या पन्नास कॅमारो त्याने कंपनीकडे मागवल्या. गाड्या आल्या तेव्हा बिल पाहून त्याला घाम फुटला. नुसत्या इंजिनाचेच चार हजार डॉलरहून जास्त लावले होते आणि गाडीची किंमत सात हजारांच्या वर गेली होती. एवढ्यात कॉर्व्हेट घेऊनही पैसे उरले असते. गिबने त्यातल्या बहुतेक गाड्या कंपनीला परत घ्यायला लावल्या आणि त्या देशभरातल्या इतर विक्रेत्यांकडे पाठवल्या गेल्या. तिथेही काही गाड्या बराच काळ पडून राहिल्या. एकूण बनल्या ६९.

प्लिमथ सुपरबर्डचा मामला आणखी वेगळा. पुढे चोचीसारखे लांब नाक आणि मागे डिकीवर माणसाच्या छातीपर्यंत येईल असा उंच पंख. ही गाडी मुळात नास्कार शर्यतीसाठी, रिचर्ड पेटीला फोर्डकडून परत आणण्यासाठी बनवली होती. १९७०च्या नियमानुसार शर्यतीत उतरायचे तर कंपनीच्या दर दोन विक्रेत्यांमागे एक गाडी सामान्य ग्राहकांसाठी बनवणे भाग होते. म्हणून १,९००हून अधिक सुपरबर्ड बनल्या. असले ध्यान घेऊन ऑफिसला कोण जाणार? काही विक्रेत्यांनी तर नाक आणि पंख काढून तिला साधी गाडी बनवून खपवले. हेमी इंजिन असलेली अशीच एक सुपरबर्ड २०२२ मध्ये १६ लाख ५० हजार डॉलरला गेली.

आणि वर आलेली कॉर्व्हेट एल८८? ती सामान्य ग्राहकाने घेऊच नये अशी कंपनीचीच इच्छा होती. म्हणून तिची ताकद मुद्दाम कमी, ४३० अश्वशक्ती, अशी छापली. त्याच वर्षीच्या स्वस्त इंजिनाची ४३५ लिहिली होती! प्रत्यक्षात एल८८ पाचशेच्या पुढे जात असे. रेडिओ नाही, हीटर नाही. मेकॅनिकलच्या वर्गात कॉम्प्रेशन रेशो पाठ केलेल्यांना हा आकडा कळेल : १२.५ ला १. गाडीत चक्क इशाऱ्याचे स्टिकर होते की १०३ ऑक्टेनच्या खालचे पेट्रोल भरू नका. पहिल्या वर्षी वीस गाड्या गेल्या, तिन्ही वर्षे मिळून २१६.

१९७०चा स्वच्छ हवा कायदा, त्यापाठोपाठ कमी केलेले कॉम्प्रेशन आणि ऑक्टोबर १९७३चा अरब देशांचा तेल बहिष्कार, यांनी या युगावर पडदा टाकला. तेलाच्या टंचाईत सात लिटरची गाडी म्हणजे घरात हत्ती पोसणे. अनेक भंगारात गेल्या, अनेक शर्यतीत मोडल्या. ज्या कुणाच्या तरी गॅरेजात विसरल्या गेल्या, त्या वाचल्या.

इंजिनावरचा नंबर आणि सीटखालचा कागद

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. या गाड्यांचे जवळपास सगळे सुटे भाग आज नवे मिळतात. काही मॉडेलच्या तर अख्ख्या बॉडी नव्या बनवून मिळतात. म्हणजे साधी बॅराकुडा घेऊन तिची हेमी ‘कुडा करणे कुशल कारागिराला अवघड नाही. अशा गाडीला ‘क्लोन’ किंवा ‘ट्रिब्यूट’ म्हणतात आणि तसे सांगून ती विकण्यात गैर काही नाही. दिसायला, पळायला ती अस्सलसारखीच, कदाचित जास्त चांगलीही. किंमत मात्र अस्सलच्या पासंगालाही पुरत नाही. न सांगता विकली तर ती फसवणूक.

मग अस्सल ओळखायची कशी? क्रायस्लरच्या गाड्यांत वाहन क्रमांकच बरेच काही सांगतो. क्रमांकाची सुरुवात ‘बीएस२७आर१बी’ अशी असेल तर त्याचा उलगडा असा : बी म्हणजे बॅराकुडा, एस म्हणजे स्पेशल श्रेणी, २७ म्हणजे कन्व्हर्टिबल, आर म्हणजे ४२६ हेमी, १ म्हणजे १९७१ आणि शेवटचा बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅम्कचा कारखाना. ‘आर’च्या जागी दुसरे अक्षर असेल तर आज आत कोणतेही इंजिन असो, ती जन्माने हेमी नव्हे. त्या एका अक्षरावर कोट्यवधी रुपये अवलंबून असतात.

शेव्हरोलेच्या बाबतीत ही सोय नाही. त्या काळातल्या त्यांच्या वाहन क्रमांकावरून इंजिन सहा सिलिंडरचे की आठ एवढेच कळते, कोणते व्ही-८ ते कळत नाही. त्यामुळे झेडएल१ किंवा एल८८ सिद्ध करायला कागद लागतात : मूळ बिल, विक्रेत्याची ऑर्डर, कॉर्व्हेटच्या पेट्रोल टाकीवर कारखान्यात चिकटवलेली माहितीची पट्टी. क्रायस्लरच्या गाड्यांत ‘ब्रॉडकास्ट शीट’ असे. कोणता भाग बसवायचा हे कामगाराला सांगणारा हा कागद काम झाल्यावर बहुधा सीटच्या स्प्रिंगमध्ये खुपसलेला राही. कामगाराच्या दृष्टीने तो कचराच. आज जुनी सीट उसवताना तो उंदरांनी न कुरतडलेला सापडला तर मालकाला लॉटरी लागल्यासारखे होते.

इंजिनाच्या ब्लॉकवरचा ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळला की गाडी ‘नंबर्स मॅचिंग’ ठरते. तो खोटा ठोकणारेही आहेत. म्हणून लिलावापूर्वी तज्ज्ञ भिंग घेऊन अक्षरांची ठेवण, धातूवरच्या कापणीच्या खुणा, ब्लॉकच्या ओतकामाची तारीख तपासतात. इंजिनाची तारीख गाडी बनल्याच्या नंतरची निघाली, तर पुढे बोलायचे काम उरत नाही.

विटलेल्या ‘बुलिट’ मस्टँगला रंग का दिला नाही, याचे उत्तरही इथेच आहे. चित्रीकरणासाठी कॅमेरे बसवायला केलेली जोडकामे आणि भोके त्या गाडीवर तशीच होती. तोच तिचा पुरावा. नवा रंग मारला असता तर १९६८ मध्ये तीन लाखांहून अधिक बनलेल्या मस्टँगांपैकी ती आणखी एक झाली असती.

डेट्रॉइटमधल्या ‘ब्लॅक घोस्ट’चेही तसेच. १९७०ची ही काळी हेमी डॉज चॅलेंजर गॉडफ्री क्वॉल्स या वाहतूक पोलिसाची. वूडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री ती यायची, शर्यत जिंकायची आणि मग बरेच दिवस गायब व्हायची. चालवणारा कोण, हे कुणाला ठाऊक नसे. पोलिसच रस्त्यावर शर्यती लावतोय म्हटल्यावर गुप्तता आलीच! क्वॉल्स यांच्या मृत्यूनंतर गाडी मुलाकडे आली, २०२० मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदीत गेली आणि मे २०२३ मध्ये शुल्कासह १० लाख ७२ हजार ५०० डॉलरला विकली गेली. एकच मालक, एकच कुटुंब, मूळ रंग, सगळे कागद.

आकडा वाचताना काय पाहावे?

बातमीत येणारा आकडा दोन प्रकारचा असतो. हातोडा पडतो ती बोलीची किंमत. त्यावर खरेदीदाराचे शुल्क, या लिलावांत साधारण १० टक्के. ३४ लाखांचे ३७ लाख ४० हजार झाले ते असे. विकणाऱ्यालाही आपल्या बाजूने कमिशन द्यावे लागू शकते. म्हणजे मथळ्यातला आकडा कुणाच्याच खिशात पूर्ण जात नाही.

दुसरी गोष्ट राखीव किमतीची. मालकाने गुप्तपणे ठरवलेल्या या किमतीपर्यंत बोली गेली नाही तर गाडी विकली जात नाही. २०२१ मध्ये इंडियानापोलिसमध्ये एका हेमी ‘कुडा कन्व्हर्टिबलवर ४८ लाख डॉलरची बोली लागली होती. विकली गेली असती तर २०१४चा ३५ लाखांचा आकडा खूप मागे पडला असता. मालकाला आणखी हवे होते. गाडी घरी परत गेली. समाजमाध्यमांवर मात्र ‘४८ लाखांची ‘कुडा’ आजही फिरत असते.

मग ही गुंतवणूक म्हणून चांगली का?

‘बुलिट’चा हिशेब मांडून पाहिला. ६ हजार डॉलरचे ४६ वर्षांत ३७ लाख ४० हजार, म्हणजे सुमारे ६२३ पट. चक्रवाढीने वर्षाला १५ टक्क्यांच्या आसपास. आकर्षक आहे. पण हे ज्याचे तिकीट लागले त्याला विचारून लॉटरीचा परतावा काढण्यासारखे आहे. ती गाडी चित्रपटातली होती आणि ती जवळपास अर्धशतक एकाच घरात राहिली. शेल्बी जीटी५०० सुपर स्नेक ही एकमेव बनलेली गाडी २०१३ मध्ये १३ लाखांना आणि २०१९ मध्ये २२ लाख डॉलरला गेली. तेही चांगलेच.

आता उलट बाजू. कॅरोल शेल्बीची स्वतःची १९६६ची कोब्रा ४२७ सुपर स्नेक ही व्याख्येने मसल कार नव्हे, पण त्याच काळातली, त्याच गिऱ्हाइकांची. अशा दोनच बनल्या आणि त्यातली दुसरी कड्यावरून समुद्रात गेली. म्हणजे याहून दुर्मीळ काय असणार? २००७ मध्ये, बाजार तेजीत असताना, ती ५५ लाख डॉलरला विकली गेली. २०१५ मध्ये शुल्कासह ५१ लाख १५ हजार. २०२१ मध्ये ५९ लाख ४० हजार. चौदा वर्षांत वाढ आठ टक्के, आणि त्याच काळात अमेरिकेतली महागाई ३० टक्क्यांच्या आसपास वाढली. ज्याने २००७ मध्ये घेऊन २०१५ मध्ये विकली, त्याने तर तोटाच सोसला. विमा, गोदाम, देखभाल वेगळीच.

२००८च्या आर्थिक मंदीत मसल कारचा फुगा चांगलाच बसला होता. तेव्हा सर्वांत जास्त मार पडला तो मधल्या थरातल्या गाड्यांना : बऱ्यापैकी दुर्मीळ, बऱ्यापैकी कागद, कर्ज काढून घेतलेल्या. अगदी वरच्या गाड्या तग धरतात, कारण त्यांच्या मालकांना विकायची घाई नसते. विक्रमाच्या बातम्या या वरच्या थराच्या असतात. त्या वाचून मधल्या थरातली गाडी घेणारा फसतो.

पुढचे गिऱ्हाईक कोण?

१९६८ मध्ये ज्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याची बॅराकुडा हेव्याने पाहिली, त्याच्या हातात २०००च्या दशकात पैसा आला. भाव चढले ते याच पिढीमुळे. ही मंडळी आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे संग्रह हळूहळू बाजारात येत आहेत आणि त्यांच्या नातवंडांची स्वप्ने वेगळी आहेत. ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मधली केशरी टोयोटा सुप्रा जून २०२१ मध्ये बॅरेट-जॅक्सनच्या लास व्हेगासमधल्या लिलावात ५ लाख ५० हजार डॉलरला गेली. त्याच मालिकेतल्या चौथ्या चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेल्या निस्सान स्कायलाइनला २०२३ मध्ये १३ लाख डॉलरहून अधिक मिळाले. प्लेस्टेशनवर वाढलेल्या आमच्या पिढीला स्कायलाइन पाहून जे होते, ते ‘कुडा पाहून होत नाही, हे खरेच आहे. पण ‘बुलिट’वर किंवा ‘ब्लॅक घोस्ट’वर लागलेल्या बोलींवरून एवढे दिसते की ज्या गाडीला स्वतःची गोष्ट आहे, तिला पिढी बदलल्याचा फटका कमी बसतो. नुसत्या चकचकीत, बिनागोष्टीच्या गाड्यांचे काय होईल, हा खरा प्रश्न आहे.

अशी गाडी भारतात आणता येते का?

आतापर्यंत उत्तर जवळपास ‘नाही’ असेच होते, कारण १९५०च्या आधी बनलेल्या जुन्या गाड्यांनाच परवान्याविना आयातीची मुभा होती. मसल कारचे अख्खे युग त्या रेषेच्या पलीकडचे. २०२५च्या सुरुवातीला केंद्र सरकारने ही रेषा सरकती केली. आता पन्नास वर्षे पूर्ण झालेली गाडी आणता येते, त्यामुळे १९६४ ते १९७४चे जवळपास सगळे नमुने त्यात बसतात. आयात शुल्काचा बोजा मात्र मोठाच आहे.

नोंदणीचा नियम २०२१चा आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. ती रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आणि एक अट अमेरिकेतल्या लिलावाच्या तज्ज्ञांनाही आवडेल अशी आहे : गाडीची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे स्वस्तात मिळते म्हणून इंजिन बदललेला क्लोन आणण्याचा विचार असेल, तर पैसे पाठवण्यापूर्वी ही अट आरटीओत विचारून घ्यावी लागेल.